घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या पॅनेलमागची उष्णता: नवख्यांसाठी मार्गदर्शन

स्वतःच्या गॅरेजमध्ये दोन आसनांचे विमान बांधणारा माणूस इंजिन थंड कसे राहील याचा विचार पहिल्या दिवसापासून करत असतो. सिलिंडरभोवतीचे पत्रे, ऑइल कूलर, काउलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) तोंडे यांवर तो महिनोन्‌महिने खपतो. वैमानिकासमोरच्या पॅनेलमागच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची पाळी मात्र बहुधा सर्वांत शेवटी येते, आणि तोपर्यंत ग्लेअरशील्डखालची (पॅनेलच्या माथ्यापासून विंडशील्डपर्यंतच्या काळ्या आच्छादनाखालची) जागा तारा, नळ्या आणि डब्यांनी इतकी भरून गेलेली असते की हवेला जायला बोटभर फटही उरत नाही. ज्यांचे पॅनेल अजून कागदावर आहे किंवा ज्यांनी ते नुकतेच कापायला घेतले आहे, अशांसाठी हा लेख आहे. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच मुद्दा आहे: या उपकरणांची खरी परीक्षा आकाशात होत नाही. ती जमिनीवर, भर उन्हात, बंद कॅनॉपीखाली, इंजिन मंद गतीवर चालू असताना होते, आणि म्हणून सगळी आखणी उड्डाणापूर्वीच्या त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी करायची असते.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या संचातून बांधले जाणारे आरव्ही-७ डोळ्यांसमोर ठेवू. शेजारीशेजारी दोन आसने, ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर पारदर्शक ॲक्रिलिकची घुमटाकार कॅनॉपी, आणि पुढे माहिती दाखवणारे दोन मोठे पडदे (स्क्रीन), रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण), ऑटोपायलट अशी आजची नेहमीची मांडणी. अमेरिकेत अशी विमाने ‘एक्सपेरिमेंटल’ प्रवर्गात नोंदली जातात आणि पॅनेलमध्ये काय, कुठे, कसे बसवायचे याचे बरेच स्वातंत्र्य बांधणाऱ्याला मिळते. कारखान्यात तयार झालेल्या प्रमाणित सेस्ना किंवा पायपर विमानाला हे स्वातंत्र्य लागू नाही. तिथे एक पंखा बसवायचा झाला तरी त्याची मान्यता आणि नोंद लागते, त्यामुळे पुढील सूचना तिथे जशाच्या तशा वापरू नयेत. भारतात या छंदाची वाट अजून बरीच अरुंद आहे. मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलेले विमान अनेक मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. देश कोणताही असो, उष्णतेचे नियम मात्र बदलत नाहीत.

पहिली पायरी: वॅटचा हिशेब

पॅनेलमधील उपकरण जितकी वीज घेते तितकी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. रेडिओ प्रक्षेपण करत असताना काही ऊर्जा अँटेनाकडे जाते आणि पडद्याचा थोडा प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो, पण हिशेबाच्या दृष्टीने या वजाबाक्या किरकोळ आहेत. म्हणून प्रत्येक उपकरणाच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमधून विद्युतप्रवाहाचा आकडा काढावा, त्याला व्होल्टेजने गुणावे आणि वॅटची यादी करावी.

एक नमुना पाहू. दहा इंची दोन पडदे प्रत्येकी ३५ वॅट धरले तर ७० वॅट होतात. जीपीएस आणि रेडिओ एकत्र असलेला नेव्हिगेटर २५, केवळ ऐकण्याच्या स्थितीतील दुसरा रेडिओ ८, ट्रान्सपाँडर १२, ऑडिओ पॅनेल ६, आणि इंजिनाची माहिती गोळा करणारा डबा, यूएसबी चार्जर वगैरे मिळून १५. बेरीज १३६ वॅट, म्हणजे १४ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर. ऑटोपायलटचे सर्व्हो (नियंत्रणे हलवणाऱ्या मोटारी) विमानाच्या पंखात आणि शेपटीकडे असतात, लँडिंग लाइट आणि पिटो हीटर (वेग मोजणारी नळी गोठू न देणारा) तर बाहेरच असतात. त्यांचा भार अल्टरनेटरच्या हिशेबात धरायचा, पॅनेलच्या उष्णतेत नाही. १० वॅट शक्तीचा रेडिओ प्रक्षेपण करताना आणखी तीनेक अँपिअर ओढतो आणि त्यातील बहुतांश भागाची उष्णता होते, पण बोलणे काही सेकंदांचे असते. गर्दीच्या विमानतळावर सतत बोलत राहणाऱ्याने तेवढा रेडिओ थोडा अधिक मोजावा.

आता या यादीत नसलेला, पण बहुतेक वेळा तिच्यापेक्षा मोठा असलेला आकडा मांडू. स्वच्छ दुपारी सरळ पडणारे ऊन दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा आणते. ग्लेअरशील्ड एक मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल धरले, कॅनॉपीतून येताना होणारी घट आणि किरणांचा तिरकेपणा वजा केला, तरी त्या काळ्या पृष्ठभागावर ३०० वॅटच्या आसपास ऊर्जा शोषली जाते. ती सगळी खाली जात नाही, काही भाग कॉकपिटच्या हवेत मिसळतो. पण उपकरणे स्वतः जेवढी तापतात त्याच्या दुप्पट भट्टी त्यांच्या डोक्यावर पेटलेली असते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे निर्णय बरोबर येत नाहीत. काळे ग्लेअरशील्ड आणि वर पारदर्शक घुमट ही रचना सौर चुलीचीच आहे. ग्लेअरशील्डला पांढरा रंग द्यावा असे मनात येईल, पण तसे केल्यास त्याचे प्रतिबिंब विंडशील्डवर पडते आणि समोरचे विमान दिसत नाही. तेव्हा मंद काळा किंवा गडद करडा रंगच ठेवावा आणि उष्णतेचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करावा.

दुसरी पायरी: मर्यादा समजून घेणे

विमानातील उपकरणे कोणत्या तापमानात तपासावीत याचे डीओ-१६० नावाचे मानक आहे. त्यातील ए-१ या नेहमी आढळणाऱ्या श्रेणीत उपकरण उणे १५ ते ५५ अंश सेल्सियसपर्यंत सतत आणि ७० अंशांपर्यंत अल्पकाळ चालले पाहिजे, अशी अट असते. एक्सपेरिमेंटल विमानांसाठी विकली जाणारी सगळीच उपकरणे या मानकाने तपासलेली असतात असे नाही, त्यामुळे आपल्या उपकरणाच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. नवखे बांधणारे इथे एका ठिकाणी हमखास फसतात. ५५ अंश हा आकडा बाहेरच्या हवेचा नसून उपकरणाला प्रत्यक्ष भिडलेल्या हवेचा असतो. बाहेर ३८ अंश असताना पॅनेलमागे ५८ असू शकतात, आणि विमानतळाच्या तापमापकाकडे पाहून त्याचा अंदाज येत नाही.

मर्यादा ओलांडली म्हणजे उपकरण तिथल्या तिथे बंद पडेल असेही नाही. काही पडदे स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करतात, आणि हे नेमके भर उन्हात, पडदा जास्त उजळ हवा असताना घडते. फार तापलेला एलसीडी पडदा काळवंडतो. थंड झाल्यावर बहुधा पूर्ववत होतो. खरे नुकसान हळूहळू होत असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना व्यवहारी नियम आहे. त्यामुळे पंख्यावरचा थोडासा खर्च आणि थोडे वजन ही चैन ठरत नाही.

दोन वस्तू स्वतंत्रपणे पाहाव्यात. पहिली म्हणजे पडद्याची राखीव बॅटरी. ती लिथियम-आयन असेल तर अतिउष्ण अवस्थेत चार्ज होणे तिला मानवत नाही. चार्जिंगची मर्यादा पडद्याच्या मर्यादेहून बरीच खाली असते, म्हणून तिला ग्लेअरशील्डला चिकटून बसवू नये. दुसरी वस्तू म्हणजे मांडीवर किंवा पॅनेलवर लावलेला टॅब्लेट. आयपॅड वापरण्यासाठी ॲपलने दिलेली वातावरणाची मर्यादा ० ते ३५ अंश आहे. उन्हात तो थोड्याच वेळात तापमानाची सूचना दाखवून काम थांबवतो आणि त्याबरोबर नकाशाही जातो. टॅब्लेटला हवेच्या झरोक्यासमोर जागा द्यावी, आणि त्याला एकमेव नकाशा मानू नये.

तिसरी पायरी: मांडणी

पॅनेलचा आराखडा काढताना बहुतेकांचे लक्ष पुढून काय दिसेल यावर असते. त्याच कागदावर बाजूने पाहिलेला छेदही काढावा: पॅनेल, त्यामागे काही इंचांवर असलेले सब-पॅनेल, त्यापुढची पोकळी, मग फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिट यांमधला अग्निरोधक पत्रा), आणि वर ग्लेअरशील्ड. गरम हवा वर चढते आणि ग्लेअरशील्डच्या पोटाशी अडकते. म्हणून सर्वाधिक तापणारा डबा अगदी वर ठेवू नये, आणि अगदी खाली ठेवला तर त्याची आच वरच्यांना लागते हेही विसरू नये. रेडिओंच्या रांगेत दोन ट्रे एकमेकांना घट्ट चिकटवण्याऐवजी मॅन्युअलमध्ये सांगितलेली फट ठेवावी. तिथे काही सांगितलेले नसेल तर पाव इंचाची मोकळीक देण्याचा प्रयत्न करावा. दूरस्थ ट्रान्सपाँडर किंवा ऑडिओचा डबा पॅनेलमागेच कोंबायला हवा असे नाही. आसनांमागच्या भागात तो थंडही राहतो आणि हाताशीही येतो. फक्त तारांची लांबी आणि वजनाचा तोल पुन्हा तपासावा.

फायरवॉलच्या पलीकडे इंजिन आणि एक्झॉस्ट आहे, आणि स्टेनलेस स्टीलचा तो पातळ पत्रा चांगलाच तापतो. त्याला टेकून कोणताही डबा बसवू नये. तिथे उष्णतारोधक लावायचे असल्यास कापलेला तुकडा घराबाहेर ज्योतीवर धरून पाहावा. पेट घेणारा किंवा काळा धूर सोडणारा फोम कितीही स्वस्त आणि हलका असला तरी नाकारावा. कॉकपिटच्या बाजूने काही चिकटवण्यापेक्षा इंजिनाच्या बाजूने योग्य दर्जाचे अग्निरोधक आवरण लावणे मला अधिक सयुक्तिक वाटते, कारण आगीच्या वेळी तापलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला जळण्यासारखे काही असू नये.

धातूच्या विमानात डब्याची बैठक ॲल्युमिनियमच्या पट्टीला किंवा सब-पॅनेलला नीट भिडवली तर थोडी उष्णता सांगाड्यात झिरपते. लाँग-ईझी किंवा ग्लासएअरसारख्या फायबरच्या विमानांत ही सोय नसते, कारण ते साहित्य उष्णता वाहून नेत नाही. ती विमाने बहुधा पांढरीच का दिसतात, याचेही उत्तर उष्णतेत आहे: तापल्यावर रेझिन मऊ पडते आणि रचना कमकुवत होते.

चौथी पायरी: हवेची वाट

पंखा घेण्याआधी हवा कुठून येईल आणि कुठून जाईल हे ठरवावे. दोन्ही टोके मोकळी नसतील तर पंखा आतली गरम हवाच घुसळत राहतो. आरव्हीसारख्या विमानात सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत चांगली रचना अशी: पॅनेलच्या खालच्या बाजूने, पायांच्या जागेतून कॉकपिटची हवा आत येऊ द्यावी आणि ग्लेअरशील्डमध्ये विंडशील्डच्या तळाशी बसवलेल्या पंख्यांनी ती वर फेकावी. गरम हवेचा स्वाभाविक ओघ वरच असल्याने पंखा बंद पडला तरी त्या भोकांतून थोडा निचरा चालूच राहतो, आणि दमट सकाळी विंडशील्डवर साचणारे धुके हीच गरम हवा पुसून टाकते. एका रचनेत दोन कामे होतात, म्हणूनच आरव्ही बांधणाऱ्यांत ती इतकी रूढ आहे. काही जण पंखे उलटे लावून वरची हवा खाली ढकलतात; तसे केल्यास उन्हाने तापलेल्या ग्लेअरशील्डवरची सर्वांत गरम हवाच उपकरणांवर पडते.

बाहेरची हवा झरोक्यातून थेट रेडिओपर्यंत नेण्याची पद्धत जुन्या विमानांत होती. तिची दोन वैगुण्ये आहेत. पावसाचे पाणी आणि धूळ त्याच नळीतून उपकरणात शिरते आणि जोडण्या गंजतात. शिवाय जिथे थंडाव्याची सर्वाधिक गरज आहे तिथे, म्हणजे जमिनीवर विमान उभे असताना, झरोक्याला दाबच मिळत नाही. प्रोपेलरच्या झोताने थोडीफार हवा येते, पण तिच्या भरवशावर आखणी करता येत नाही. विमानाच्या बाजूला असलेला, पत्र्याशी समतल बसणारा ‘नाका’ (NACA) पद्धतीचा झरोका माणसांसाठी ठेवावा; त्याने कॉकपिट थंड झाले की तीच हवा पुढे पंख्यांच्या वाटेने उपकरणांना मिळते.

इंजिनाच्या कप्प्यातून हवा घेण्याचा विचारही करू नये. फायरवॉलमधले प्रत्येक भोक अग्निरोधक पद्धतीने बंद केलेले असलेच पाहिजे, कारण पंख्याने पॅनेलमागे थोडासा जरी कमी दाब तयार झाला तरी न बुजवलेल्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जाऊ शकतो. कॉकपिटमध्ये त्या वायूचा इशारा देणारे यंत्र असावे, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

पाचवी पायरी: पंख्याची निवड

किती हवा लागेल याचे सूत्र सोपे आहे. समुद्रसपाटीवरील हवेचा एक लिटर एका अंशाने तापायला सुमारे १.२ जूल लागतात. म्हणून वॅटच्या आकड्याला १.२ ने आणि आपल्याला चालणाऱ्या तापमानवाढीने भागले की सेकंदाला लागणारी हवा लिटरमध्ये मिळते. १४० वॅट आणि १० अंश वाढ धरल्यास उत्तर सुमारे ११.७ लिटर, म्हणजे पंख्यांच्या खोक्यावर छापतात त्या भाषेत जवळपास २५ घनफूट प्रति मिनिट. पण खोक्यावरचा आकडा पंखा मोकळ्या हवेत फिरत असतानाचा असतो. तारांच्या जंजाळातून आणि जाळीतून हवा ओढताना त्याच्या निम्मीच मिळेल असे समजून चालावे. ८० मिलिमीटरचा संगणकातला साधा पंखा मोकळ्या हवेत ३० ते ४० घनफूट देतो, तेव्हा असे दोन पंखे डावीकडे आणि उजवीकडे एकेक बसवले की उपकरणांच्या वाट्याचा हिशेब जुळतो आणि एक बंद पडला तरी दुसरा असतो. ४० मिलिमीटरचे छोटे पंखे बसवायला सोपे, पण ते फार थोडी हवा हलवतात आणि आवाज मात्र तीक्ष्ण करतात.

ज्या रेडिओच्या मागे हवेच्या नळीसाठी तोंड दिलेले असते त्याच्यासाठी पाच अष्टमांश इंची नळ्यांचा छोटा ब्लोअर मिळतो. असे तोंड असेल आणि मॅन्युअल तशी हवा मागत असेल तरच तो घ्यावा. काही नव्या नेव्हिगेटरमध्ये पंखा आधीच बसवलेला असतो. तिथे आपले काम त्या पंख्याची वाट न अडवणे एवढेच असते.

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. विमानातील बस (सगळ्या उपकरणांना वीज पुरवणारी मुख्य पट्टी) चालू अवस्थेत १४ व्होल्टच्या वर असते, तर संगणकाचे पंखे १२ व्होल्टचे म्हणून विकले जातात. त्यांची कमाल मर्यादा छापील माहितीत वाचावी. बॉल बेअरिंगचा पंखा घ्यावा, कारण साध्या स्लीव्ह बेअरिंगचे वंगण उष्णतेत लवकर सुकते. पंखा चालू करून रेडिओ आणि इंटरकॉममध्ये गुणगुण ऐकू येते का तपासावे. आणि पंखा कायमचा बसवण्याआधी तो हातात धरून होकायंत्राजवळ न्यावा. सुई हलली तर जागा बदलावी. दिशा मोजणारा मॅग्नेटोमीटर विमानाच्या पंखात किंवा शेपटीत असेल तर त्याला याचा त्रास नाही, पण पॅनेलवरच्या किंवा विंडशील्डच्या मधोमध बसवलेल्या पारंपरिक होकायंत्राला निश्चित होतो.

ग्लेअरशील्डमधल्या भोकांवर जाळी हवीच, कारण पेन्सिल, नाणे किंवा चष्म्याचा स्क्रू तिथून आत पडला की तो नेमका उघड्या जोडणीवर जाऊन बसतो. बारीक फोमची गाळणी मात्र मी टाळतो. ती भरून येते, कोणाच्या लक्षात येत नाही आणि वाट हळूहळू बंद होते. कच्च्या, धुळीच्या धावपट्टीवरून नियमित उडणाऱ्याने गाळणी लावावी, पण ती दिसेल आणि हाताने निघेल अशाच जागी.

सहावी पायरी: जोडणी

पंख्याला स्वतःचा छोटा फ्यूज द्यावा. जाम झालेल्या पंख्याने रेडिओचा फ्यूज उडवता कामा नये. वेगळा स्विच ठेवण्यापेक्षा एव्हिऑनिक्स मास्टरबरोबर (पॅनेलमधल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या मुख्य स्विचबरोबर) पंखा आपोआप सुरू व्हावा, कारण ज्या घाईत पंखा लावायचा राहतो त्याच घाईत तो सर्वाधिक लागतो. थर्मोस्टॅट लावणे शक्य आहे, पण दोन पंखे मिळून अर्धा अँपिअरही घेत नसताना आणखी एक बिघडू शकणारा भाग वाढवण्यात मला हशील वाटत नाही. धुक्यासाठी पंख्यांवर स्वतंत्र ताबा हवा असेल तर ‘कमी’ आणि ‘जास्त’ असा स्विच ठेवावा, ‘बंद’ नको.

एखादी जोडणी, फ्यूजची खोबण किंवा तार हाताला गरम लागत असेल तर ती हवेने थंड करायची बाब नव्हे. तिथे सैल क्रिम्प (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली जोडणी), अपुऱ्या जाडीची तार किंवा गंजलेला स्पर्शबिंदू आहे, आणि पंख्याच्या झोताने तो दोष केवळ झाकला जाईल.

सातवी पायरी: मोजमाप

पहिल्या उड्डाणाआधी जमिनीवरची चाचणी करावी. दोन-तीन लांब तारांचे डिजिटल तापमापक पुरतात: एकाचे टोक ग्लेअरशील्डच्या पोटाशी, दुसऱ्याचे रेडिओंच्या मध्ये, तिसरे बाहेर सावलीत. सर्वाधिक तापमानाची खूण कायम ठेवणाऱ्या चिकटपट्ट्याही मिळतात. त्या डब्यांवर लावल्या की आपण पाहत नसताना काय घडले तेही कळते. अनेक पडदे स्वतःचे आतले तापमानही दाखवतात. विमान उन्हात उभे करावे, बॅटरी उतरू नये म्हणून बाहेरून वीज द्यावी, कॅनॉपी बंद करावी, सगळी उपकरणे चालू करावीत आणि दर काही मिनिटांनी आकडे लिहावेत. आकडे चढायचे थांबेपर्यंत, साधारण पाऊण तास, थांबावे. आधी पंखे बंद ठेवून आणि विमान निवल्यावर पुन्हा पंखे लावून, अशी दोन्ही वेळची नोंद हवी. चाचणी चालू असताना कॉकपिटमध्ये बसू नये, आणि मॅन्युअलमधली मर्यादा गाठली गेली तर वीज तोडून चाचणी तिथेच थांबवावी.

या नोंदींचा उपयोग असा होतो. बाहेर २८ अंश असताना पॅनेलमागे ४६ अंश झाले, तर फरक १८ अंशांचा आहे. ऊन आणि विजेचा भार तेवढाच असेल तर हा फरक साधारण तसाच राहतो, म्हणून बाहेर ४२ अंश असलेल्या दिवशी पॅनेलमागे ६० होतील. म्हणजे वसंतातल्या सुखद दुपारी उत्तीर्ण झालेले विमान उन्हाळ्यात ५५ ची रेषा ओलांडणार, हे आधीच कळते. फिनिक्समध्ये २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सियसच्या वर किंवा तेवढे राहिले होते. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावचा मे महिना माहीत असणाऱ्याला या आकड्याचे नवल वाटणार नाही. विमान आज कुठे आहे यापेक्षा ते कुठे कुठे जाणार आहे, हे पाहून हिशेब करावा.

माझी कसोटी थोडी कडक आहे. पंखे चालू असताना अत्यंत उष्ण दिवशीही ५५ अंश ओलांडू नयेत, आणि पंखे पूर्ण बंद असताना अल्पकाळाची मर्यादा ओलांडली जाऊ नये. दुसरी अट पाळता येत नसेल तर सगळी भिस्त वीसेक डॉलरच्या पंख्यावर आहे असा अर्थ होतो, आणि मग आणखी मोठा पंखा लावण्याऐवजी मांडणीच बदलावी: एखादा डबा मागे न्यावा, ग्लेअरशील्डला आणखी भोके पाडावीत किंवा ग्लेअरशील्डच्या खालच्या बाजूला परावर्तक पत्र्याचा दुसरा थर थोडे अंतर ठेवून लावावा.

आकाशात चित्र पालटते. प्रमाणित वातावरणात दर हजार फुटांना हवा सुमारे २ अंशांनी थंड होते, त्यामुळे १०,००० फुटांवर ती जमिनीपेक्षा २० अंशांनी गार असते. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशच उरते आणि तितकीच उष्णता नेण्यासाठी साधारण एक-तृतीयांश जास्त हवा हलवावी लागते, पण २० अंशांचा लाभ हा तोटा भरून काढून वर उरतो. तरीही चाचणी उड्डाणांच्या सुरुवातीच्या तासांत तापमापक जागेवरच ठेवावेत आणि चढताना, समतल उडताना व उतरल्यावर टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) नोंद घ्यावी. हिवाळ्यात कॉकपिटचा हीटर पूर्ण उघडलेला असताना त्याचा झोत रेडिओंवर पडतो का, हेही पाहावे. ही चूक आराखड्यात दिसत नाही.

आठवी पायरी: रोजच्या सवयी

उभ्या विमानावर फिक्या रंगाचे कापडी आच्छादन घालणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, कारण तो ऊन आत येण्याआधीच अडवतो. आच्छादन घालण्यापूर्वी कॅनॉपी धुळीपासून स्वच्छ करावी, नाहीतर ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात. आतून लावलेली चंदेरी पडदी दुय्यम समजावी. ती लावताना कॅनॉपीला टेकू देऊ नये.

सरकती कॅनॉपी असेल तर टॅक्सी करताना तिला किती उघडे ठेवता येते हे निर्मात्याच्या सूचनेत पाहावे. वर उचलली जाणारी कॅनॉपीही पहिल्या खाचेवर थोडी किलकिली राहू शकते, मात्र धावपट्टीवर जाण्यापूर्वी ती बंद असल्याची तपासणी चेकलिस्टमध्ये लिहिलेली हवी. अशा वर उचलल्या जाणाऱ्या कॅनॉपीच्या विमानात पॅनेलमागचा भाग दुरुस्तीला सोपा जातो, पण पावसात तिच्या पुढच्या कडेने पाणी ठिबकून थेट उपकरणांवर येऊ शकते. ग्लेअरशील्डमध्ये भोके पाडताना ती त्या रेषेत येणार नाहीत याची काळजी घ्यावी. आणि भर उन्हात कॅनॉपी पूर्ण उघडी टाकून जाऊ नये. वक्र ॲक्रिलिकमुळे किरण एकवटून आसनाचे कापड करपल्याच्या गोष्टी ग्लायडर उडवणाऱ्यांना चांगल्याच परिचित आहेत.

इंजिन सुरू करण्यापूर्वी मार्ग भरत बसायची सवय असेल तर एकच पडदा चालू ठेवावा. दुसरा पडदा, ट्रान्सपाँडर आणि दुसरा रेडिओ टॅक्सीच्या वेळी सुरू केले तरी चालतात. थांबावे लागलेच तर विमानाचे नाक वाऱ्याकडे ठेवावे. इंधनासाठी थोडा वेळ उतरल्यावर पुन्हा निघताना उपकरणे सर्वांत जास्त तापलेली असतात, कारण बंद इंजिनाची धग फायरवॉलमधून झिरपत राहते आणि पंखे मात्र थांबलेले असतात. त्या वेळी काउलिंगवरचे, ऑइल तपासण्यासाठी असलेले छोटे झाकण (ऑइल भरण्याच्या तोंडाचे नव्हे) उघडे ठेवावे, कॅनॉपी किलकिली करावी आणि विमान शक्य असल्यास सावलीत ढकलावे. निघण्यापूर्वी ते झाकण लावल्याची खात्री चेकलिस्टमध्येच घालावी.

अमेरिकेत अशा विमानाची दर बारा महिन्यांनी कंडिशन इन्स्पेक्शन (विमानाच्या स्थितीची तपासणी) करावी लागते. त्या दिवशी पंख्यांची पाती पुसावीत, बोटाने फिरवून बेअरिंगची खरखर पाहावी, जाळीवरचा कचरा काढावा आणि रंग बदललेल्या तापमानपट्ट्या नव्या लावाव्यात. पॅनेलमध्ये एखादे उपकरण वाढवले असेल तर वॅटची यादी दुरुस्त करून उन्हातली चाचणी पुन्हा करावी. पंखा बसवल्याची तारीख त्याच्या चौकटीवरच मार्करने लिहून ठेवावी. पाचेक वर्षांनी, तो फिरत असला तरी, बदलून टाकावा.